पुस्तकातली ती पेशी कुठेच सापडत नाही

पेशी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच आकृती येते. गोल किंवा चौकोनी कड, मधोमध केंद्रक, आजूबाजूला श्वसनाचं काम करणाऱ्या चार तंतुकणिका, एखादं गॉल्गी संकुल, दोन-चार हरितलवकं आणि प्रत्येक भागाकडे नेलेली नावाची रेघ. परीक्षेत या आकृतीला पूर्ण गुण मिळतात, पण अशी पेशी निसर्गात कुठेही नाही. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशीत हरितलवक नसतं. माणसाच्या पक्व तांबड्या रक्तपेशीत केंद्रकही नसतं आणि तंतुकणिकाही नसतात. आकृती म्हणजे वेगवेगळ्या पेशींतून उचललेल्या भागांची एकत्र यादी असते, आणि ती तशी वाचली नाही तर पुढचं सगळं घोटाळ्याचं होतं.

दुसरा घोटाळा मापाचा. एक मिलिमीटरचे हजार भाग केले की एक मायक्रोमीटर होतो, आणि मायक्रोमीटरचे पुन्हा हजार भाग केले की एक नॅनोमीटर. आपल्या पेशीचं केंद्रक साधारण ६ मायक्रोमीटर रुंद, तर रायबोझोम हा प्रथिनं विणणारा कण सुमारे २५ नॅनोमीटर. वहीत केंद्रक ६ सेंटिमीटरचं काढलं, तर त्याच प्रमाणात रायबोझोम पाव मिलिमीटरचा, म्हणजे टोकदार पेन्सिलीचा जेमतेम एक ठिपका. आपण मात्र तो मोहरीएवढा काढतो.

तिसरा दोष मला सगळ्यात जास्त खटकतो. आकृतीत भागांच्या मधली जागा कोरी असते, त्यामुळे पेशी म्हणजे पाण्यात तरंगणारे चार अवयव असं वाटत राहतं. खरं तर तिथे कोरं काही नसतं. पेशीद्रव्याच्या वजनाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त नुसती प्रथिनंच असतात, सस्तन प्राण्याच्या एका पेशीत रायबोझोम लाखांनी मोजावे लागतात, आणि या गर्दीतून आरपार प्रथिनांच्या धाग्यांचा सांगाडा गेलेला असतो.

हे तीन दोष मनात ठेवले की पेशीच्या शोधाचा इतिहासही सनावळी उरत नाही. कुणाला काय दिसलं हे त्या त्या काळचं भिंग आणि रंग ठरवत होते.

रॉबर्ट हूक यांनी १६६५ मध्ये बुचाच्या सालीचा पातळ काप पाहिला, एवढं सगळ्यांना पाठ असतं. त्यांनी तो पाहिला कसा, हे जास्त शिकण्यासारखं आहे. बूच पांढुरकं असल्यामुळे त्यांनी काप काळ्या पट्टीवर ठेवला आणि एका जाड बहिर्गोल भिंगातून त्यावर प्रकाश एकवटला. मग मोजणी केली. इंचाच्या अठराव्या भागात एका रांगेत सुमारे ६० कप्पे भरले. म्हणजे इंचाला १०८०, चौरस इंचाला ११,६६,४०० आणि घन इंचाला १,२५,९७,१२,०००. हे आकडे त्यांनी स्वतः छापले आहेत. आजच्या मापात इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याला १०८० ने भागलं की एक कप्पा साडेतेवीस मायक्रोमीटरच्या आसपास येतो. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या भिंगातून आलेलं हे माप आजही पटण्याजोगं आहे. बूच हलकं का, दाबलं की दबतं का, पाण्यात बुडत का नाही, याचं उत्तर त्यांना हवं होतं आणि ते या हवेने भरलेल्या कप्प्यांत मिळालं.

हूक यांना फक्त मेलेल्या पेशी दिसल्या, असं सर्रास लिहिलं जातं. ते अर्धवट आहे. बुचातले कप्पे रिकामेच होते, पण हिरव्या वनस्पतींत असेच कप्पे रसाने भरलेले दिसतात, हेही त्यांनी नोंदवून ठेवलं आहे. तो रस हाच मुद्द्याचा भाग आहे, हे कळायला मात्र दीड शतकाहून जास्त काळ गेला.

आपल्याकडच्या शब्दाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. हूक यांनी वापरलेल्या ‘सेल’ या शब्दाचा अर्थ लहान खोली किंवा कप्पा. मराठीत आपण पेशी म्हणतो, तर हिंदीत त्याच गोष्टीला कोशिका म्हणतात आणि मांसपेशी म्हणजे स्नायू. दोन्ही भाषांतली पुस्तकं शेजारी ठेवून अभ्यास करणाऱ्यांची इथे हमखास गल्लत होते. पुढे वाचण्याआधी हे एकदा पक्कं करून घ्यावं.

हूक यांच्यानंतर काही वर्षांतच डेल्फ्ट गावचे कापडाचे व्यापारी अँटनी व्हॅन लेव्हेनहुक यांनी एकाच भिंगाच्या हातात मावणाऱ्या उपकरणातून जिवंत एकपेशीय जीव पाहिले. १६७४ मध्ये तळ्याच्या पाण्यातले, आणि १६८३ मध्ये दातांवरच्या किटणातले जीवाणू. दोन भिंगांचं संयुक्त सूक्ष्मदर्शक तेव्हा होतंच, पण त्यात प्रतिमेच्या कडेला रंगीत झालर येई आणि बारकावे पुसट होत. लेव्हेनहुक यांचं एकच लहानसं, अतिशय काळजीने बनवलेलं भिंग त्यापेक्षा सरस ठरे. त्यांच्या उरलेल्या उपकरणांपैकी एक तर सुमारे २७० पट मोठं दाखवतं.

मग एवढं दिसूनही पेशी सिद्धांताला १८३८-३९ उजाडावं का लागलं? माझ्या मते कारण सरळ आहे. भिंतीचा कप्पा दिसत होता, आतलं दिसत नव्हतं. पेशीचा आतला भाग जवळजवळ पारदर्शक आणि पाण्यासारखा असतो, आणि प्राण्यांच्या पेशीला तर बाहेरची ताठ भिंत, म्हणजे भित्तिकाही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत रंगदोष काढलेली भिंगं आली आणि चित्र पालटलं. रॉबर्ट ब्राउन यांनी १८३१ मध्ये ऑर्किडच्या पेशींत केंद्रक ओळखून त्याला नाव दिलं. श्लायडेन यांनी १८३८ मध्ये वनस्पतींबद्दल आणि श्वान यांनी १८३९ मध्ये प्राण्यांबद्दल मांडलं की सगळे सजीव पेशींचेच बनलेले असतात. प्राणी आणि वनस्पती यांना एका सूत्रात बांधायला केंद्रकाचीच खूण कामी आली.

त्या दोघांची एक गोष्ट साफ चुकली होती. नवी पेशी आकारहीन द्रवात, स्फटिक जमावा तशी घडते, असं ते मानत. रॉबर्ट रेमाक यांनी कोंबडीच्या भ्रूणातल्या रक्तपेशींचं विभाजन पाहिलं होतं, आणि १८५५ मध्ये रुडॉल्फ विर्चो यांनी ‘प्रत्येक पेशी पेशीपासूनच’ हे वाक्य रूढ केलं. म्हणून पेशी सिद्धांताची तीन कलमं (सगळे सजीव पेशींचे बनलेले, पेशी हाच सजीवाचा मूळ घटक, पेशी पेशीपासूनच) एका दमात म्हणताना पहिली दोन १८३९ पर्यंतची आणि तिसरं त्यानंतरचं, पहिल्या मांडणीतली चूक दुरुस्त करणारं, हे सांगायला हवं.

पुढचं काम रंगांनी केलं. १८५६ नंतर कृत्रिम रंग बाजारात आले आणि काही रंग पेशीच्या विशिष्ट भागांनाच धरतात असं दिसलं. वाल्थर फ्लेमिंग यांनी अशाच रंगांनी केंद्रकातले धागे रंगवून विभाजनाचे टप्पे लावले आणि १८८२ मध्ये ते सविस्तर प्रसिद्ध केले. कॅमिलो गॉल्गी यांनी चांदीच्या क्षारांनी चेतापेशी रंगवताना १८९८ मध्ये जे जाळं पाहिलं, ते खरं की रंगामुळे निर्माण झालेला आभास, यावर पुढची अर्धशतकभर वाद चालला. तो मिटला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने. प्रकाशाच्या साध्या सूक्ष्मदर्शकाला ०.२ मायक्रोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत. ही मर्यादा प्रकाशाच्या तरंगलांबीची आहे, त्यामुळे भिंग कितीही महाग घेतलं तरी ती ओलांडत नाही. रायबोझोम, पेशीतल्या पटलांची जालिका, पेशीला वेढणाऱ्या पटलाचे दोन थर हे सगळं त्याखालचं. १९३१ मध्ये नोल आणि रुस्का यांनी इलेक्ट्रॉनांचं यंत्र बनवलं, आणि १९४५ मध्ये अख्ख्या पेशीचं पहिलं इलेक्ट्रॉन छायाचित्र प्रसिद्ध झालं.

लयकारिकेचा (पेशीतल्या पचनाच्या पिशवीचा, लायसोसोमचा) शोध तर न बघताच लागला, आणि तो मला फार आवडतो. क्रिस्टियान द दुव्ह यांच्या प्रयोगशाळेत उंदराच्या यकृताचा लगदा वेगाने फिरवून त्याचे थर वेगळे केले जात. ताज्या नमुन्यात एका विकराची (एन्झाइमची) क्रिया अपेक्षेपेक्षा फारच कमी भरली, आणि तोच नमुना काही दिवस थंडीत ठेवल्यावर ती एकदम वाढली. म्हणजे विकर आधीही होतं, पण पटलाच्या पिशवीत कोंडलेलं; पिशव्या फुटल्या आणि ते बाहेर आलं. १९५५ मध्ये त्या पिशव्यांना नाव मिळालं. कुणी तो नमुना फेकून दिला असता तर?

आता पेशी लहानच का, हा प्रश्न. बाजू १ एकक असलेला घन घ्या: पृष्ठभाग ६, आकारमान १. बाजू १० केली की पृष्ठभाग ६००, पण आकारमान १०००. दर एकक आकारमानाला मिळणारा पृष्ठभाग ६ वरून ०.६ वर घसरला. अन्न, प्राणवायू, टाकाऊ पदार्थ या सगळ्यांची ये-जा पृष्ठभागातून होते आणि गरज आकारमानानुसार वाढते. त्यात विसरणाचा हिशेब आणखी कडक आहे: अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट लागतो. लहान रेणूला पाण्यात १० मायक्रोमीटर पसरायला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. १ सेंटिमीटर म्हणजे हजारपट अंतर, म्हणून दहा लाखपट वेळ, जवळजवळ तीन तास.

मोठ्या पेशी या हिशेबातून पळवाटा काढतात. चेतापेशीचा तंतू मीटरभर लांब असतो, पण जाडी मायक्रोमीटरांत, शिवाय आत प्रथिनांच्या रुळांवरून माल वाहून नेण्याची सोय. २०२२ मध्ये वर्णन झालेला थायोमार्गारिटा मॅग्निफिका हा जीवाणू साध्या डोळ्यांना दिसतो, साधारण सेंटिमीटरभर लांब. त्याच्या आतला बहुतेक भाग एका रिक्तिकेने, म्हणजे द्रवाने भरलेल्या पिशवीने, व्यापलेला असतो आणि जिवंत द्रव्य कडेच्या पातळ थरात राहतं.

आता प्रत्यक्ष काम. कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड सोपी समजली जाते, आणि म्हणूनच ती निष्काळजीपणे केली जाते. लागतं एवढं: दहापट नेत्रिका (डोळ्याकडचं भिंग) आणि दहापट-चाळीसपट पदार्थभिंगं (स्लाइडकडची) असलेलं सूक्ष्मदर्शक, काचपट्टी, कव्हरस्लिप, चिमटा, सुई, टिपकागद आणि सौम्य आयोडीन. आयोडीन घरी करायचं तर २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड आधी थोड्या पाण्यात विरघळवावं, त्यात १ ग्रॅम आयोडीन घालून पूर्ण विरघळू द्यावं आणि मग एकूण ३०० मिलिलिटर करावं. क्रम उलटा केला तर आयोडीनचे खडे तळाशी तसेच राहतात, कारण नुसत्या पाण्यात ते नावापुरतंच विरघळतं.

मांसल पाकळीचा तुकडा घेऊन आतल्या, खोलगट बाजूकडून तो मोडायचा. मोडलेल्या कडेला पारदर्शक पापुद्रा सुटलेला दिसतो. चिमट्याने तो हळू ओढून लगेच पाण्यात टाकायचा. हवेत अर्धा मिनिट राहिला तरी तो वळतो आणि सुकतो. पाच मिलिमीटरचा चौकोन पुरे. काचपट्टीवर आधी पाण्याचा थेंब, त्यावर पापुद्रा, सुईने सुरकुत्या काढायच्या. कव्हरस्लिपची एक कड थेंबाला टेकवून, सुमारे ४५ अंशात तिरपी धरून सुईच्या आधाराने सावकाश सोडायची. सपाट टाकली की हवा अडकतेच. मग कडेला आयोडीनचा थेंब ठेवून समोरच्या कडेला टिपकागद लावायचा. रंग आपोआप आत ओढला जातो.

बघताना सर्वात जास्त फसवतात ते हवेचे बुडबुडे. ठळक काळी जाड कड आणि आत एकदम लख्ख, तंतोतंत गोल असं काही दिसलं की तो बुडबुडा. पेशीची कड कधी इतकी काळी नसते. सगळं पांढुरकं आणि धूसर दिसत असेल तर बहुतेकदा प्रकाश जास्त झालेला असतो. खालचा पडदा बारीक करावा, कडा उमटतात. एकावर एक जाळी दिसत असेल तर पापुद्रा दुमडलाय किंवा त्याच्यासोबत मांसल थर आलाय, नवा काढावा. आणि चाळीसपट भिंगावर गेल्यावर मोठ्या चाकाला हात लावू नये. त्या भिंगाचं टोक काचेपासून जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर असतं, काच फुटते आणि भिंगाला ओरखडा जातो.

पापुद्रा नीट लागला की हूक यांची मोजणी स्वतः करून पाहा. नेत्रिकेवर १०×/१८ असं काही कोरलेलं असतं. त्यातला १८ हा मिलिमीटरचा आकडा. त्याला पदार्थभिंगाच्या पटीने भागलं की दिसणाऱ्या वर्तुळाचा खरा व्यास मिळतो. दहापट भिंगाखाली १.८ मिलिमीटर, चाळीसपट खाली ०.४५. समजा दहापटीत वर्तुळाच्या व्यासावर लांबीच्या दिशेने ६ पेशी भरल्या, तर एका पेशीची लांबी ०.३ मिलिमीटर, म्हणजे ३०० मायक्रोमीटर. नेत्रिकेवर आकडा नसेल तर सगळ्यात कमी पटीच्या भिंगाखाली पारदर्शक मोजपट्टी ठेवून व्यास मोजावा आणि पुढचं भिंग त्या भिंगाच्या जितकी पट असेल तितक्याने भागावं. या साध्या भागाकाराने पेशी कायमची मनात बसते, कितीही नावं पाठ केली तरी तसं होत नाही.

आता चाळीसपट भिंगावर एकाच पेशीशी थांबा. आयोडीनने केंद्रक पिवळट तपकिरी होतं. काही पेशींत ते कडेला चिकटलेलं, काहींत मधोमध असल्यासारखं. बारीक चाक अगदी हळू फिरवलं की मधलं वाटणारं केंद्रक आधी स्पष्ट होतं, तेव्हा कडा पुसट असतात; आणखी फिरवलं की कडा उमटतात आणि केंद्रक विरतं. म्हणजे ते मध्ये नव्हतंच, वरच्या किंवा खालच्या भिंतीला टेकलेलं होतं. पेशीचा मधला सगळा भाग रिक्तिकेने भरलेला आहे आणि पेशीद्रव्य कडेच्या पातळ अस्तरात राहिलं आहे. पेशीला जाडी असते, ती कागदावरची चौकट नाही, हे समजायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. हरितलवक मात्र इथे शोधू नये. कांदा जमिनीत, अंधारात वाढतो. त्या पाकळ्यांत ते नसतंच. निळे-काळे पिठाचे कणही दिसणार नाहीत, कारण कांदा स्टार्च साठवत नाही. ते पाहायचे तर बटाटा.

पेशीभित्तिका आणि पेशीपटल यांतला गोंधळ याच कांद्याने सुटतो. पटल फक्त ७-८ नॅनोमीटर जाड, त्यामुळे या सूक्ष्मदर्शकाला ते दिसूच शकत नाही. पण त्याची जागा दाखवता येते. जांभळ्या कांद्याच्या बाहेरच्या, रंगीत बाजूचा पापुद्रा न रंगवता पाण्यात लावा. मग टिपकागदाने ५ टक्के मीठपाणी आत ओढा, १०० मिलिलिटरला ५ ग्रॅम. काही मिनिटांत जांभळा भाग आक्रसून भिंतीपासून सुटतो आणि मध्ये मोकळी फट पडते. त्या जांभळ्या गोळ्याची कड म्हणजे पटल जिथे आहे ती जागा. मागे उभी राहिलेली चौकट म्हणजे भित्तिका. हा रससंकोच. लगेच साधं पाणी ओढलं तर गोळा पुन्हा फुगून भिंतीला भिडतो. फार वेळ मिठात ठेवलेल्या पेशी परतत नाहीत, त्या मेलेल्या असतात. आयोडीन लावलेल्या पापुद्र्यावर हा प्रयोग जमत नाही, त्याचंही कारण तेच: आयोडीनने पेशी मरते आणि पटलाची निवडक वृत्ती संपते.

गालाच्या आतल्या पेशींसाठी स्वच्छ कापसाच्या काडीने हलकेच घासायचं आणि ०.९ टक्के मीठपाण्याच्या थेंबात पसरवायचं. नुसत्या पाण्यात प्राणिपेशी फुगतात, भित्तिका नसल्यामुळे फुटूही शकतात. अर्धा टक्का मिथिलिन ब्ल्यूचा थेंब, दोन मिनिटं, आणि जादा रंग टिपून घ्यायचा. साधारण ५० ते ६० मायक्रोमीटरची चपटी, वेड्यावाकड्या कडेची पेशी आणि निळं केंद्रक दिसतं. कडा दुमडलेल्या दिसल्या तरी काही चुकलेलं नाही, या पेशी पातळ पत्र्यासारख्याच असतात. त्यांच्यावर बारीक निळे ठिपके दिसतील. ते जीवाणू. एकाच नजरेत दृश्यकेंद्रकी (पटलाने वेढलेलं केंद्रक असलेली) आणि आदिकेंद्रकी (तसं नसलेली) पेशी, आकारातल्या फरकासकट.

आदिकेंद्रकी पेशीत पटलाने वेढलेलं केंद्रक नसतं. ई. कोलाय साधारण २ मायक्रोमीटर लांब. त्याचा वर्तुळाकार डीएनए उलगडला तर सुमारे दीड मिलिमीटर, म्हणजे पेशीच्या लांबीच्या कितीतरी शेकडोपट. तो पेशीद्रव्यातच गुंडाळून ठेवलेला असतो. रायबोझोम असतात, पण ७० एस जातीचे. आपल्या पेशीद्रव्यातले ८० एस. हे एस भर घालता येणारे आकडे नव्हेत. फिरवल्यावर कण किती वेगाने खाली बसतो याचं ते माप आहे, म्हणून ५० आणि ३० मिळून ७० होतात. या फरकांना औषधात मोठी किंमत आहे. पेनिसिलिन जीवाणूंच्या पेप्टिडोग्लायकनच्या भित्तिकेची विणकाम-गाठ बसू देत नाही. आपल्या पेशींना भित्तिकाच नाही, म्हणून त्या वाचतात. स्ट्रेप्टोमायसिन जीवाणूंच्या रायबोझोमच्या लहान भागाला धरतं.

आदिकेंद्रकी म्हणजे जीवाणू एवढंच समजू नये. १९७७ मध्ये वूझ आणि फॉक्स यांनी रायबोझोमच्या आरएनएची तुलना करून आर्किया हा गट वेगळा काढला. दिसायला जीवाणूंसारखा, पण पटलातल्या मेदाची जोडणी निराळी आणि भित्तिकेत पेप्टिडोग्लायकन नाही. विषाणू तर यात कुठेच बसत नाहीत, ती पेशीच नव्हे. दृश्यकेंद्रकींत वनस्पतींची भित्तिका सेल्युलोजची, कवकांची कायटिन असलेली, प्राण्यांना नाही. हा तक्ता सगळीकडे मिळतो, त्यात वेळ घालवत नाही.

पटलाचे दोन थर असतात हे गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी १९२५ मध्ये रक्तपेशींतला मेद काढून, पाण्यावर एकाच रेणूच्या थरात पसरून ठरवलं. मेदाचं क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं. गंमत अशी की मेद पुरता निघाला नव्हता आणि पेशींचं क्षेत्रफळही कमी धरलं गेलं होतं. दोन चुकांनी एकमेकींना खोडलं आणि उत्तर बरोबर आलं. १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी या थरात तरंगणाऱ्या प्रथिनांचं चित्र जोडलं. प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड सरळ थरातून जातात. ग्लुकोज आणि आयनांना प्रथिनांची दारं लागतात.

केंद्रकात दोन मीटरच्या आसपास डीएनए, ४६ गुणसूत्रांत वाटलेला. आतले भाग सुटे सुटे पाठ करण्याऐवजी एका प्रथिनाचा प्रवास धरावा. केंद्रकातून संदेश घेऊन आरएनए पटलातल्या छिद्रातून बाहेर येतो, खडबडीत आंतर्द्रव्यजालिकेवरचा रायबोझोम तो वाचून प्रथिन विणतो, ते जालिकेत शिरून घडी घेतं, पिशवीतून गॉल्गी संकुलात जातं, तिथे त्यावर शर्करेचं काम होतं आणि पत्ता लागतो, मग बाहेर. जॉर्ज पलाडे यांच्या प्रयोगशाळेत स्वादुपिंडाच्या पेशींना थोडा वेळ किरणोत्सारी अमिनो आम्ल देऊन हा प्रवास घड्याळ लावून पाहिला गेला. तीन मिनिटांनी खूण जालिकेत, वीस मिनिटांच्या सुमारास गॉल्गीत, दोन तासांच्या आसपास स्रावाच्या कणांत. भागांचा क्रम एकदा असा लागला की तो विसरत नाही.

तंतुकणिका पेशीच्या कामानुसार कमी-जास्त असतात. यकृताच्या पेशीत हजाराच्या घरात, तांबड्या रक्तपेशीत शून्य. त्यांचा स्वतःचा डीएनए माणसात १६,५६९ जोड्यांचा, त्यावर ३७ जनुकं. त्या कधीकाळी आत शिरलेल्या जीवाणूंच्या वंशज आहेत, हे लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये जोरकसपणे मांडलं. वर्तुळाकार डीएनए, जीवाणूंच्या घडणीचे रायबोझोम, दुहेरी पटल, सगळं त्याला जुळतं. वनस्पतींना हरितलवकं आहेत म्हणून तंतुकणिका नसतात, हा समज मात्र ठार चुकीचा. मुळांना प्रकाश कुठला? आणि रात्री पानांचं काय? श्वसन त्यांनाही चोवीस तास लागतं.

शेवटची स्लाइड बिनरंगाची. हायड्रिलाचं शेंड्याजवळचं एक कोवळं पान अख्खं पाण्यात लावा. ते दोनच पेशींच्या थरांचं असतं, काप घ्यावा लागत नाही. चाळीसपट भिंग, आणि मधल्या शिरेजवळच्या लांबट पेशी. हिरवी गोल हरितलवकं कडेने रांगेत सरकताना दिसतात, कोपरा आला की वळतात आणि पलीकडच्या कडेने परततात. त्यांना पेशीद्रव्य वाहून नेतं, आणि पेशीद्रव्याला प्रथिनांचे धागे ओढतात. काहीच हलत नसेल तर दिव्याच्या प्रकाशात आणि उबेत पाच-दहा मिनिटं थांबा. तरीही नाही, तर दुसरं पान घ्या, खुडताना पेशी दुखावलेल्या असतात. कव्हरस्लिपच्या कडेला पाण्याचा एक थेंब अधूनमधून देत राहा. मधोमध जिथे एकही हरितलवक जात नाही, ती रिक्तिका. ही पेशी वहीत काढताना दिसलं तेवढंच काढा, शेजारी ४०० पट असं लिहा, आणि न दिसलेल्या तंतुकणिकांकडे रेघ नेऊ नका.